पाकळ्यांच्या अर्कातले अँटिऑक्सिडंट : पळस, केळफूल, मोह, अंबाडी (पाकिटावर छापण्याआधी)

अनेरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बचत गटांच्या प्रदर्शनात हल्ली सुकवलेल्या पाकळ्यांची पाकिटं बरीच दिसतात. पळस, गावठी गुलाब, गोकर्ण, लाल अंबाडीची बोंडं. पाकिटावर ठळक अक्षरात 'अँटिऑक्सिडंटने भरपूर'. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनमुळे सुरू होणारा बिघाड थोपवणारं द्रव्य. मी चोपडा तालुक्यात रसायनशास्त्र शिकवतो. फुलांच्या अर्कावर प्रकल्प करणारी मुलं दरवर्षी येतात, आणि गटाच्या ताईही विचारतात, 'सर, आमच्या पळसात किती आहे ते काढून द्या, पाकिटावर टाकायचंय.' हे 'किती' प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही, म्हणून हा धागा.

आधी प्रयोगशाळेत काय करतात ते सांगतो. पाकळ्या सावलीत वाळवायच्या, भुकटी करायची, मिथेनॉलमध्ये भिजवून गाळायची. मग डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण घ्यायचं. ब्लॉईस यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि सोपी, म्हणून आजही कॉलेजांतून तीच चालते. डीपीपीएच हा टिकाऊ फ्री रॅडिकल आहे. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि द्रावण गडद जांभळं दिसतं. पाकळीतली फिनॉल वर्गातली द्रव्यं त्याला हायड्रोजन देतात आणि जांभळा रंग उतरत पिवळ्यावर येतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला, रंग किती उतरला ते मोजायचं. निम्मा रंग उतरवायला जेवढा अर्क लागला तो आयसी-५०. आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. तुलनेसाठी शेजारी क जीवनसत्त्वाची नळी लावलेली असते.

गोम इथून पुढे आहे. लाल-जांभळ्या पाकळ्यांतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. म्हणजे जास्वंदीचा अर्क घातला की डीपीपीएचचा रंग उतरतो, पण अर्काचा स्वतःचा लाल रंग त्याच जागी येऊन बसतो आणि यंत्राला वाटतं, फारसं काही घडलंच नाही. त्यासाठी अर्क आणि नुसतं मिथेनॉल अशी वेगळी नळी लावून तेवढं शोषण वजा करावं लागतं. मुलांच्या प्रकल्पवह्यांमध्ये ही नळी हमखास गाळलेली असते, आणि मग निष्कर्ष निघतो की पांढरं फूल लाल फुलापेक्षा सरस.

दुसरं, ताजी पाकळी म्हणजे ८० ते ९० टक्के पाणी. एकाने ताज्या वजनावर आकडा दिला आणि दुसऱ्याने वाळलेल्या वजनावर, तर एकच फूल कित्येक पट वेगळं दिसतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. अहवालात अर्क मिथेनॉलचा असतो आणि पाकिटावर लिहिलेलं असतं 'एक चमचा गरम पाण्यात घाला'. मिथेनॉल विषारी, ते काही कोणी पिणार नाही. पाण्यात जे उतरतं तेवढंच पिणाऱ्याच्या वाट्याला येतं. तेव्हा सरबत विकायचं असेल तर चाचणीही पाण्याच्याच अर्कावर करायला हवी, ज्या मापाने आणि जितका वेळ घरात उकळतात त्याच मापाने.

पळसाचं थोडं सांगतो, कारण सातपुड्याच्या पायथ्याला तो अमाप आहे. त्याच्या केशरी रंगामागे अँथोसायनिन नाही. ब्यूट्रिन, आयसोब्यूट्रिन आणि त्यांच्यापासून मिळणारं ब्यूटीन ही मंडळी तिथे आहेत. ब्यूटीनच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेलं कडं असतं, आणि हायड्रोजन देऊन टाकायला ती रचना फार सोयीची. होळीच्या रंगासाठी पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना घातला की रंग एकदम खुलतो. पण सरबतात चुना किंवा खायचा सोडा अजिबात घालू नका. अल्कलीत फिनॉल द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी भराभर संयोग पावतात, म्हणजे जे टिकवायचं तेच आपण हाताने घालवतो.

तुमच्या भागात कोणती फुलं खाण्यात, औषधात, रंगात आहेत ते लिहा. विशेषतः तळोदा, अक्राणी, नवापूरकडच्यांनी.

---

साक्रीकर

भाऊ, भलतं चांगलं लिखं शे. आमनाकडे व्हयीले पयसना फुले रातभर पाणीमा भिजाडी ठेवतस आन् सकायले त्याच रंग खेयतस. चुना घालाना कारण आज समजनं.

---

केळीबाग_यावल

सर, लेख वाचला. आमच्याकडे निसवण झाली (म्हणजे घड बाहेर पडला) आणि फण्या मोकळ्या झाल्या की केळफूल कापतो. आम्ही त्याला कमळ म्हणतो. कापलं की बांधावर टाकायचं, फार तर ढोरांपुढे. एका खोडाला एक कमळ, तर एकरात किती होतात याचा हिशोब रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. त्याच्या पात्या बाहेरून जांभळ्या आणि आतून लालबुंद असतात. हा रंग म्हणजे तुम्ही म्हणता तेच अँथोसायनिन का? आणि याचं काही होऊ शकतं का, की नुसत्या गप्पा?

---

अनेरकाठ

@केळीबाग_यावल, दादा, तेच ते. काटेकोर बोलायचं तर ती पाकळी नव्हे, फुलांच्या रांगेवर झाकण म्हणून असलेलं सहपत्र. पण रंगद्रव्य त्याच घराण्यातलं. केळफुलाच्या पात्यांत मुख्यतः सायनिडिन-३-रुटिनोसाइड असतं आणि खाद्यरंग म्हणून त्याच्यावर बरंच संशोधन झालेलं आहे.

घरी करून बघा. पातीचा बाहेरचा मेणचट थर नखाने खरवडा आणि आतला लाल भाग बारीक चिरून कोमट पाण्यात टाका. रंग मळकट जांभळा येईल. त्यात लिंबू पिळा, क्षणात लालभडक होईल. दुसऱ्या वाटीत सोड्याची चिमूट टाका, आधी निळसर-हिरवा आणि मग पिवळट पडेल. पिवळा पडला म्हणजे रेणू मोडला, पुन्हा लिंबू पिळून तो लाल रंग पूर्ण परत येत नाही.

केळफूल चिरलं की काळं का पडतं, हेही यात आलं. त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवा लागताच फिनॉल द्रव्यांना काळं करतं. चिरून ताकात किंवा लिंबाच्या पाण्यात टाकायची जुनी रीत आहे, ती अगदी बरोबर. आम्लात ते विकर मंदावतं, आणि एक उकळी दिली की कायमचं थांबतं. अर्क काढायचा असेल तर पात्या कापून तासभर तशाच ठेवणं म्हणजे निम्मी कमाई बांधावरच सोडणं.

---

केळीबाग_यावल

सर, एक गोष्ट मुद्दाम लिहितो, नाहीतर कोणीतरी वाचून उद्याच कमळं गोळा करायला येईल. एक्स्पोर्टच्या बागांत थ्रिप्स या बारीक किडीसाठी केळफुलात कीटकनाशकाचं इंजेक्शन देतात, बड इंजेक्शन. निसवणीच्या वेळी, कमळ उभं असतानाच सुई टोचतात. अशा बागेतलं कमळ भाजीलाही नको आणि अर्कालाही नको. ज्याच्याकडून घ्याल त्याला आधी विचारा, बड इंजेक्शन दिलंय का. आणि चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, जुने कपडे घालून या.

---

अनेरकाठ

दादा, ही माहिती या धाग्यातली सगळ्यात कामाची. पाकळ्या खाणाऱ्या-पिणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. दसऱ्या-दिवाळीच्या झेंडूचंही तेच. तो हारासाठी पिकवलेला असतो, खाण्यासाठी नाही, आणि फवारणी शेवटपर्यंत चालू असते. बाजारातल्या झेंडूचा चहा करू नका.

---

आहार_आरोग्य

मी आहारतज्ज्ञ आहे, धुळ्यात असते. अनेरकाठ सरांनी नळीतला भाग चांगला सांगितला. मी नळीतून पोटाकडे येते, कारण गल्लत होते ती तिथे.

परीक्षानळीत रंग उतरला याचा अर्थ शरीरात तेच घडेल असा होत नाही. पाकळीतली फ्लेव्होनॉइड (अँथोसायनिन, ब्यूटीन ज्या घराण्यातली ती फिनॉल द्रव्यं) आतड्यातून फार थोडी शोषली जातात. जी जातात ती यकृतात जाऊन बदलतात आणि लघवीवाटे लवकर बाहेर पडतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने पदार्थांचे ओरॅक आकडे, म्हणजे नळीतली अँटिऑक्सिडंट क्षमता, एका मोठ्या तक्त्यात दिले होते. २०१२ मध्ये त्यांनीच तो तक्ता संकेतस्थळावरून काढून टाकला. कारण हे आकडे जाहिरातीत वापरले जात होते आणि शरीरावरच्या परिणामाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं केशरी अँटिऑक्सिडंट द्रव्य, दिलं. अपेक्षा होती की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तशीच एक अमेरिकी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. तेव्हा 'अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे कितीही घ्या' हे मी कुणालाच म्हणणार नाही. भाजीत, सरबतात, जेवणाच्या प्रमाणात जरूर घ्या. अर्क आटवून गोळ्या, कॅप्सूल करायच्या असतील तर ती वेगळी गोष्ट झाली आणि तिला वेगळे पुरावे लागतात.

---

पाडळसे_ताई

मग ताई, आमच्या अंबाडीच्या बोंडांचं सरबत? आम्ही गटातर्फे करतो. लोक म्हणतात बीपीला चांगलं. ते पण खोटं का? आम्ही तर कळण्याची भाकरी आणि अंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या बाया, विश्वास बसायला वेळ लागत नाही.

---

आहार_आरोग्य

@पाडळसे_ताई, खोटं नाही, उलट याच्यामागे माणसांवरचा पुरावा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ जणांना रोज तीन कप लाल अंबाडीचा चहा सहा आठवडे दिला. ज्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला होता पण औषध चालू नव्हतं, अशी ही माणसं. रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ७.२ ने (पाऱ्याचे मिलिमीटर) उतरला. नुसतं तशा चवी-रंगाचं पाणी पिणाऱ्यांत १.३ ने. हा फरक खरा आहे. पण तो अँटिऑक्सिडंट गुणामुळेच पडला असं त्यावरून ठरत नाही, रक्तवाहिन्यांवर दुसऱ्या मार्गानेही परिणाम होऊ शकतो.

दोन सूचना. बीपीची गोळी चालू असलेल्या गिऱ्हाइकाला 'डॉक्टरांना विचारून घ्या' असं आवर्जून सांगा. आणि तुमच्या सरबतात साखर किती आहे ते बघा. त्या चाचणीतल्या चहात साखर नव्हती, आपल्या सरबतात पाकच पाक असतो.

---

प्याकिंगवाला_जळगाव

लेबलची कामं करतो म्हणून लिहितो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे नियम २०१८ चे आहेत. 'मधुमेह बरा होतो', 'कॅन्सर टळतो' असलं काहीही खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चालत नाही. जो दावा कराल त्याला शास्त्रीय आधार दाखवता आला पाहिजे. गटांना माझा सल्ला असतो की घटक लिहा, फूल कुठलं आणि कसं वाळवलं ते लिहा, 'सातपुड्यातला पळस, सावलीत वाळवलेला' असं लिहा. गिऱ्हाईक त्यानेही घेतं.

---

अक्राणी_महाल

सर, आमच्या धडगाव भागात मोह मोठा. पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं उजाडायच्या आत वेचायला जातात. फूल म्हणजे गरदार गोड पाकळीच, तीच खातात, वाळवून वर्षभर ठेवतात. एका विद्यार्थ्याने सांगितलं की मोहात फिनॉलचं प्रमाण खूप जास्त निघालं. हे बरोबर आहे का?

---

अनेरकाठ

@अक्राणी_महाल, मोहात फिनॉल द्रव्यं आहेतच, पण 'खूप जास्त' वर मी लगेच सही करणार नाही. ती मोजणी फोलिन अभिक्रियकाने करतात, निळा रंग येतो, ७६५ नॅनोमीटरला मोजतात आणि गॅलिक आम्लाच्या तुलनेत आकडा सांगतात. हे अभिक्रियक नुसतं फिनॉल ओळखत नाही. क जीवनसत्त्व आणि ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या क्षपणकारी साखराही त्याला काही प्रमाणात निळं करतात. मोहाचं फूल साखरेनेच भरलेलं. त्यामुळे आधी साखर वेगळी काढल्याशिवाय आलेला आकडा फुगलेला असतो. विद्यार्थ्याला सांगा, अर्क सी-१८ काडतुसातून (फिनॉल धरून ठेवणारी भुकटी भरलेल्या छोट्या नळीतून) गाळून घे. साखर पाण्याबरोबर निघून जाते, फिनॉल अडकून राहतात, ते मग मिथेनॉलने सोडवायचे. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर प्रकल्पाला खरा अर्थ येईल.

आणि मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तिथे राख-माती फुलाला चिकटते. खाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं आणि जंगलही वाचतं. अन्न म्हणून मोहाची किंमत यानेच वाढेल, फिनॉलच्या आकड्याने नाही.

---

शेवचिवडा

जळगावला शेव-फरसाणचा छोटा कारखाना आहे. माझा प्रश्न सरळ आहे. पाकीट दोन महिन्यांत खवट वास मारतं. तेलात टीबीएचक्यू (खवटपणा रोखणारं कृत्रिम रसायन) घालतात हे माहीत आहे, पण गिऱ्हाईक हल्ली पाकीट उलटून घटक वाचतं. पळसाचा किंवा केळफुलाचा अर्क तेलात टाकला तर चालेल का?

---

अनेरकाठ

@शेवचिवडा, नाना, हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. अँटिऑक्सिडंट या शब्दाचं अस्सल काम हेच आहे. शरीरात काय होतं यावर वाद घालता येईल, तेलात काय होतं यावर नाही. तेलातल्या असंपृक्त मेदाम्लावर ऑक्सिजन बसतो, रॅडिकल तयार होतो, तो शेजारच्या रेणूला धरतो आणि साखळी सुरू होते. शेवटी तुटून जे लहान रेणू होतात त्यांचा तो खवट वास. फिनॉल द्रव्य मध्ये येऊन हायड्रोजन देतं आणि साखळी तिथे थांबते. टीबीएचक्यू तेच करतं, त्याची मर्यादा तेलात किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

आता अडचणी. केळफुलातलं अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. टाकलंत तर तळाशी बसेल, आणि १८० अंशांच्या कढईत त्याचं काही उरणार नाही. झेंडूतलं ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य तेलात विरघळतं खरं, पण तळणीत आणि उजेडात तेही मोडतं. पळसाचं ब्यूटीन मद्यार्कात उतरवून, मद्यार्क उडवून, कोरडा अर्क तेलात घालून बघण्यासारखा आहे. पण तो शेवेच्या मसाल्यात, तळून झाल्यावर. आणि हा घटक विक्रीच्या मालात घालण्याआधी अन्न परवान्याच्या दृष्टीने तपासून घ्यावा लागेल. आज बाजारात तेलासाठी जो नैसर्गिक अर्क खरोखर वापरला जातो तो रोझमेरीच्या पानांचा, कारण त्यातलं कार्नोसिक आम्ल तेलात विरघळतं.

करून बघायचं असेल तर पद्धत सांगतो. एकाच डब्यातलं तेल घ्या. एका बाटलीत काही नाही, एकीत टीबीएचक्यू, एकीत पळसाचा अर्क. तिन्ही ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि ठरावीक दिवसांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलावर किती ऑक्सिजन बसला त्याचं माप, काढा. पोटॅशियम आयोडाइड आणि थायोसल्फेटचं साधं टायट्रेशन आहे, कुठल्याही कॉलेजात होतं. माझी मुलं करतील, तेल तुम्ही द्या. दरम्यान पाकीट उजेडात लटकवू नका, नायट्रोजन भरून सील करता आलं तर उत्तम, आणि कढईतलं उरलेलं तेल नव्या तेलात ओतू नका. खवटपणा निम्मा इथूनच येतो.

---

शेवचिवडा

शेवटची गोष्ट कारागिरांना आजच सांगतो. तेल घेऊन पुढच्या आठवड्यात येतो सर.

---

मुख्याध्यापिका_शिरपूर

आमच्या शाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर नाही, डीपीपीएचही परवडत नाही. आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी काही करता येईल का? कोणीतरी पोटॅशियम परमँगनेट सुचवलं.

---

अनेरकाठ

मॅडम, परमँगनेट नको. ते साखर, अल्कोहोल, मळ, कशानेही फिकं पडतं, मुलांना वाटेल सगळ्यातच अँटिऑक्सिडंट आहे. त्याऐवजी आयोडीन घ्या. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकं चहासारखं होईपर्यंत पातळ करा, त्यात भाताच्या पेजेचा थेंब टाका, गडद निळं होईल. मग पाण्यात काढलेला अर्क थेंब थेंब घालत निळं जाईपर्यंत मोजा. लिंबाचा रस तुलनेला. साधी साखर घातलेल्या पाण्याने निळं जात नाही, तीही एक वाटी ठेवा म्हणजे फरक दिसतो. फिनॉल द्रव्यं आम्लात आयोडीनवर सावकाश काम करतात, म्हणून प्रत्येक वाटीला सारखाच वेळ द्या. आणि मुलांना स्पष्ट सांगा की कण्हेर (लाल, पांढरी, पिवळी कुठलीही), धोतरा आणि रुई या फुलांना हात लावायचा नाही. कण्हेरीतली द्रव्यं हृदयावर घातक परिणाम करतात.

---

कापूसपट्टा_अमळनेर

सर, कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तेही अँथोसायनिनच ना? वर्षानुवर्षं बघतो, कारण आज जुळलं. आणि करडईच्या पाकळ्यांचं काय? आमच्या वडिलांच्या वेळी करडई खूप होती.

---

अनेरकाठ

हो, उमललेल्या फुलात रात्रीतून अँथोसायनिन तयार होतं. पण कपाशीच्या पाकळ्या खाण्याच्या भानगडीत पडू नका, फवारण्या आठवा.

करडईची पाकळी मात्र घेण्यासारखी आहे. तिच्यात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात लगेच उतरतो, त्यातलं हायड्रॉक्सिसॅफ्लॉर यलो ए हे द्रव्य चांगलं अभ्यासलेलं आहे. लाल कार्थामिन साध्या पाण्यात उतरत नाही. पिवळा धुऊन काढल्यावर सोड्याच्या पाण्यात सुटतो आणि लिंबू घातलं की तळाशी बसतो. काटेरी जात असेल तर भल्या सकाळी दव असताना तोडा, तेव्हा काटे मऊ असतात. बिनकाट्याच्या जातीही आहेत, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर काम केलं आहे. पाकळ्या फूल कोमेजायला लागलं की काढायच्या, म्हणजे बी भरायला अडत नाही आणि तेलाचं पीकही हातचं जात नाही. तुमच्याकडे कोणी अजून करडई पेरत असेल तर मूठभर पाकळ्या सावलीत वाळवून, कागदी पिशवीत पाठवा. पत्ता खरडवहीत टाकतो.